‘नागपुरात असंच चालते’: शहरातल्या घरदुरुस्ती ठेकेदारांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहरात वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, टाइल्स आणि रंगकामाचे ठेके घेणारे सर्व ठेकेदार

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एकाने यंदा उन्हाळ्यात माझ्या घराचे काम केले आणि बिल दिले. बिलातल्या मापांवर मी बोट ठेवले तेव्हा ते म्हणाले, “काकू, नागपुरात असंच चालते. कोण्याही ठेकेदाराले विचारून पाहा.” म्हणून विचारते आहे. एकेकाला गाठून विचारणे या वयात जमणार नाही, तेव्हा सगळ्यांना एकदमच.

त्यांचे नाव या पत्रात नाही आणि कोणी तर्क लढवून ते काढायला जाऊ नये. त्यांच्याशी माझा वाद लेखी सुरू आहे, तो तिथेच मिटेल किंवा पुढे जाईल. तुमच्याकडून मला एवढेच हवे आहे की खालचे बिल धंद्यातल्या माणसाच्या नजरेने वाचा आणि सांगा, तुम्हीही असेच बिल करता का?

घर मानेवाडा भागातल्या एका जुन्या ले-आउटमधले. तळमजला आणि वर गच्ची. काम चार तुकड्यांचे होते: गच्चीवरचा जुना थर फोडून विटांच्या तुकड्यांचा कोबा (ठोकून बसवलेला थर) आणि त्यावर चायना मोझॅक (चिनी मातीच्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी), पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून नवे प्लास्टर, आतून पुट्टी-प्रायमर आणि दोन हात रंग, आणि न्हाणीघराच्या टाइल्स. कोटेशन लेखी होते, त्यांच्याच लेटरहेडवर, दोघांच्या सह्यांनिशी. गच्ची १४० रुपये चौरस फूट, प्लास्टर ६०, रंग २४, न्हाणीघर एकरकमी ४८,००० रुपये. खाली दोन ओळी होत्या: ‘रेती कन्हानची वापरण्यात येईल’ आणि ‘सर्व दरांत मलबा उचलणे समाविष्ट’.

बिल आले ३,२९,८४८ रुपयांचे. गच्ची ८१० चौरस फूट, १,१३,४०० रुपये. प्लास्टर ४२० फूट, २५,२००. रंग २,४८० फूट, ५९,५२०. न्हाणीघर ४८,०००. मलबा चार ट्रॉली, ८,०००. या बेरजेवर १० टक्के ‘सुपरव्हिजन’, २५,४१२. आणि वर या सगळ्याचा १८ टक्के जीएसटी. मी कामादरम्यान १,७५,००० रुपये देऊन बसले होते, त्याच्या पावत्या आहेत. राहिलेले १,५४,८४८ आठवड्याच्या आत द्यावेत, असे खाली लाल शाईने लिहिलेले.

इथे माझ्याबद्दल थोडे सांगावे लागेल, नाहीतर ‘बाईला काय समजते’ असे तुमच्यातले कोणी म्हणतील. मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. कालव्यांचे, गेटांचे, कर्मचारी वसाहतींचे नकाशे मी काढले. बिले तपासणे माझे काम नव्हते, पण ती तपासणारे टेबल माझ्या शेजारी होते, आणि नकाशावरचे माप मोजमाप पुस्तिकेतल्या मापाशी जुळेना की पुस्तिका माझ्यापुढे यायची. तुमच्यापैकी जे सरकारी कामे घेतात त्यांना ही एम.बी. चांगली ठाऊक आहे. पानांवर आधीच आकडे छापलेले, पान फाडायचे नाही, खाडाखोड करायची नाही, चुकले तर रेघ मारून सही करायची. नग, लांबी, रुंदी, उंची, चार रकाने, पाचव्यात गुणाकार. ठेकेदाराने ‘मापे मान्य’ लिहून सही केल्याशिवाय बिल पुढे सरकत नसे. सरकारी कामात खोटे होत नाही असे मी म्हणणार नाही, तिथून निवृत्त झालेल्या माणसाने ते म्हणूच नये. पण तिथे खोटे माप लिहायलाही कोणाला तरी स्वतःची सही खर्चावी लागते. माझ्या बिलावरच्या मापांखाली कोणाचीच सही नव्हती. ती कधी घेतली, कोणी घेतली, टेपचे टोक कोणी धरले, काहीच नाही.

म्हणून मी टेप काढला.

आधी गच्ची. ८१० हा आकडा ३० गुणिले २७ मधून आलेला आहे. घराच्या एका बाहेरच्या भिंतीपासून दुसऱ्या बाहेरच्या भिंतीपर्यंत टेप धरला की हे माप येते. पण कोबा कठड्याच्या आत असतो. कठड्याच्या आतून माप भरते २९ बाय २६, म्हणजे ७५४. त्यातही गच्चीवर जिन्याची खोली उभी आहे, १२ बाय ८, म्हणजे ९६ चौरस फूट. त्या खोलीत कोबा नाही आणि तिच्या छतावर कोणी चढलेलेही नाही. राहिले ६५८. बिलात १५२ फूट जास्त लागले आहेत, आणि १४० च्या दराने त्याचे २१,२८० रुपये होतात.

यावर उत्तर मिळाले की कठड्याच्या कडेने गोला (भिंत आणि फरशीच्या सांध्यातली गोलाई) मारला आहे, त्याची मेहनत धरली. मेहनत मला मान्य आहे. गोला नीट मारला नाही तर पाणी कठड्याच्या बुडाशीच शिरते, त्यामुळे ते महत्त्वाचे काम आहे. पण गोला रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीने मोजतात. त्याचे पैसे वेगळे हवे होते तर कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाकून दर लिहायचा होता. जिन्याच्या खोलीचे क्षेत्रफळ त्याच्या नावाने लावणे हे कोणत्या पद्धतीत बसते, तेवढे मला कोणी समजावून सांगावे.

रंगाचे २,४८० फूट तर त्याहून सोपे निघाले. घराचा कार्पेट एरिया ६२०, गुणिले चार. कार्पेटच्या साडेतीन-चार पट रंगकाम धरायचा ठोकताळा तुम्ही सगळे वापरता, मला माहीत आहे. घर पाहायला आल्यावर उभ्या उभ्या आकडा सांगायला तो ठीकच आहे. पण काम झाल्यावर भिंती तिथेच उभ्या असतात, त्या मोजता येतात. खोलीवार भिंती आणि छत मोजून आले १,९३० चौरस फूट. फरक ५५० फुटांचा, १३,२०० रुपये. माझ्याकडे खोल्या मोठ्या आहेत आणि आडव्या भिंती कमी, त्यामुळे माझ्या घराला चारचा आकडा लागूच पडत नाही. दुसऱ्या एखाद्या घरात, लहान लहान खोल्या असतील तिथे, तुमचे नुकसानही होत असेल. मोजले असते तर तेही टळले असते.

आता जिथे तुमची बाजू खरी आहे तेही लिहिते. प्लास्टर आणि रंग, दोन्हीत दारे-खिडक्या वजा न करण्याचा रिवाज आहे, आणि बरीच घरमालक मंडळी त्यावरून तुमच्याशी वाद घालतात. मी घातला नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १२०० या मोजमापाच्या मानकात प्लास्टरसाठी सोय अशी आहे की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची पोकळी वजाच करायची नाही, आणि त्याहून मोठी पण तीन चौरस मीटरपर्यंतची असेल तर दोन्ही बाजूंऐवजी एकाच बाजूची वजावट करायची. कारण चौकटीच्या कडा आणि कोपरे सांधायला जी मेहनत लागते ती कुठेतरी भरून निघायला हवी. त्या नियमाने गेले तर माझ्या बिलातून आणखी काही फूट गळाले असते. मी ते सोडले. प्लास्टरचे ४२० फूट त्यांनी लावले तसेच मान्य केले. कडा काढणारा मिस्त्री सपाट भिंत ओढणाऱ्यापेक्षा जास्त राबतो, हे मी समोर उभी राहून पाहिले आहे.

माप बाजूला ठेवू आणि कामाकडे येऊ.

गच्चीला उतार साधारण शंभराला एक हवा. म्हणजे २९ फुटांच्या लांबीत साडेतीन इंचांच्या आसपास. लेव्हलची नळी लावून पाहिले तर टोकापासून टोकापर्यंत इंचभरही उतार भरत नाही. आणि ज्या पाइपातून पाणी खाली जायचे त्याचे तोंड भोवतीच्या मोझॅकपेक्षा उंच आहे, त्यामुळे त्या कोपऱ्यात पाणी साचूनच राहते. चायना मोझॅकचे पांढरे तुकडे छान चमकतात, गच्ची तापत नाही, हे सगळे खरे. पण पहिला जोराचा पाऊस झाला आणि बरोबर त्याच कोपऱ्याखाली, आतल्या खोलीच्या छताला, ओल उतरली. नवा रंग फुगला. म्हणजे एका कामाने दुसरे खराब केले आणि बिल दोन्हींचे लागले.

कोबा झाल्यावर पन्नाळीचे तोंड बंद करून, गच्चीत दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवायचे आणि खालून छत पाहायचे, ही चाचणी तुमच्यातल्या कोणाला नवी नाही. मी ती मागितली होती. “काकू, मे मध्ये एवढं पाणी कुठून आणू? पाऊस आला की आपोआप चाचणी होऊन जाते.” नळाला पाणी एक दिवसाआड येते हे खरे, पण टँकर मी मागवणार होते. पावसाने चाचणी केलीच, तेव्हा मात्र फोन उचलला जाईना.

पश्चिमेची भिंत नागपुरात काय सोसते ते तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, आणि ही भिंत दुपारी बारानंतर सूर्य मावळेपर्यंत थेट उन्हात. प्लास्टर नेमके दुपारी ओढले गेले. किमान सात दिवस तराई (पाणी मारून ओले ठेवणे) हवी होती, दोन दिवस पाइप फिरवला आणि परांची सोडून माणसे दुसऱ्या साइटवर गेली. शिवाय कोटेशनमधली कन्हानची रेती कुठे दिसली नाही, आली ती गिट्टी खदानीची चुरी. चुरीबद्दल माझा आंधळा राग नाही. यंत्राने नीट पाडलेली, धुतलेली, चाळलेली कृत्रिम रेती आज मोठ्या कामांत वापरतात. पण ट्रॉलीतून उतरली ती पिठासारखी धूळ होती. अशा मालात बारीक भुकटी जास्त असली की तो पाणी जास्त मागतो आणि सुकताना आकसतो. भिंतीवर आता कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे आहेत.

याचे कारण मला सांगण्यात आले: काळी माती. “इथली जमीनच तशी आहे काकू, तडे जाणारच.” हे कारण तुमच्या धंद्यात इतके सोयीचे झाले आहे की कुठल्याही तड्याला लावता येते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पाया हलतो, भिंतीला तडे जातात, सगळे खरे. पण ते तडे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे निघतात, भिंतीच्या आरपार जातात, आतूनही दिसतात आणि उन्हाळ्यात रुंदावतात. माझ्या भिंतीवरचे तडे प्लास्टरच्या जाडीत आहेत, विटेपर्यंतही गेलेले नाहीत. एक तुकडा काढून पाहिला, मागची वीट धड आहे. मातीला उगाच बदनाम करू नका.

न्हाणीघराबद्दल थोडक्यात. फरशीचा उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या तोंडाकडे असायचा तो दाराकडे आहे. अंघोळीचे पाणी बाहेरच्या खोलीत येते, म्हणून दारात पायपुसणे पिळत बसावे लागते. टाइलच्या पाठीवर मधोमध मालाचा एक गोळा ठेवून ती दाबून बसवली, कडांना माल पोचलाच नाही. नाण्याने ठोकले की निम्म्याहून जास्त टाइल्स पोकळ वाजतात. हे पुन्हा करायला दुसऱ्या एका मिस्त्रीने ३१,००० रुपयांचा लेखी अंदाज दिला आहे.

आता बिलाचा खालचा भाग. मलब्याचे ८,००० कोटेशनमध्येच समाविष्ट होते, त्यावर बोलण्यासारखे काही नाही. सुपरव्हिजनचे १० टक्के कोटेशनमध्ये कुठेच नव्हते. देखरेख कशाची झाली तेही कळले नाही, कारण ज्या दुपारी प्लास्टर ओढले त्या दुपारी साइटवर देखरेखीला मीच होते. जीएसटीची गोष्ट जरा वेगळी आहे. मी नोंदणी क्रमांक विचारला. हा क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला असला तर २७ ने सुरू होतो. बिलावर तो नव्हता. “सीएला विचारून सांगतो” म्हणाले आणि अजून सांगितलेला नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी बंधनकारक नाही, तुमच्यापैकी पुष्कळ जण त्यात बसत असतील, त्यात कमीपणा काहीच नाही. पण नोंदणी नसेल तर ग्राहकाकडून जीएसटी वसूल करता येत नाही, कायद्यातच तसे लिहिले आहे. कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असलेल्यांनाही बिलात तो लावता येत नाही. ५०,३१६ रुपये सरकारच्या नावाने मागायचे आणि सरकारकडे खातेच नसायचे, हे मात्र ‘असंच चालते’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

सगळ्यात जास्त राग मला ज्याचा आला ते आता लिहिते.

मी शिल्लक थांबवल्यावर एका सकाळी फाटकाशी मिस्त्री आणि दोन रेजा (मजूर बाया) येऊन उभ्या राहिल्या. याच दोघींनी भर उन्हात गच्चीवरचा जुना थर फोडून टोपल्यांनी खाली आणला होता. त्यांना सांगण्यात आले होते की बाईंनी पैसे दिले नाहीत म्हणून मजुरी अडली. “आमचं तेवढं करून द्या ना बाई, ठेकेदार म्हणून राहिला का तुमच्याकडेच अडकले.” मी त्यांना बसवले, चहा दिला आणि १,७५,००० च्या पावत्या दाखवल्या. मिस्त्रीने आकडा वाचला, रेजांना काहीतरी हळूच सांगितले आणि ते निघून गेले. एवढ्या पैशांत त्यांची मजुरी कितीदा तरी भागली असती, हे त्याला माझ्याइतकेच कळत होते.

वाद तुमचा आणि माझा आहे. त्यात ज्यांच्या हातात ना दर ठरवणे आहे ना माप घेणे, त्यांना माझ्या फाटकाशी आणून उभे करू नका. ठिय्यावरून (मजूर कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावरून) माणूस उचलताना तुम्ही त्याला माझे नाव सांगत नाही, तुमचे सांगता. मजुरी हा त्याच्या आणि तुमच्यातला व्यवहार आहे, आणि माझे बिल उद्या पूर्ण बुडाले तरी तो तसाच राहतो. हे जर खरोखर ‘सगळीकडे चालत’ असेल तर मापातल्या दीडशे फुटांपेक्षा तुम्हाला याची लाज जास्त वाटायला हवी.

मधल्या काळात मला पोलिसांत तक्रार करण्याची धमकीही आली. येऊ द्या. झालेल्या कामाचे किती पैसे निघतात हा दिवाणी वाद आहे, ठाणेदार त्यात टेप घेऊन गच्चीवर चढणार नाही. शेजारच्यांनी उलट मला सल्ला दिला की तुम्हीच महारेरात जा. तोही चुकीचा. रेरा कायदा विक्रीसाठी उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांसाठी आहे. ज्या दुरुस्तीत विक्री, जाहिरात किंवा नवे वाटप नाही ती त्याच्या तिसऱ्या कलमातच वगळलेली आहे. बिल्डरने बांधून विकलेल्या फ्लॅटमध्ये पाच वर्षांच्या आत दोष निघाला तर तिथे दाद मिळते. माझ्या गच्चीचे काम तिथले नाही.

माझे काम ग्राहक आयोगातले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत गृहबांधणी स्पष्ट लिहिलेली आहे, आणि घरबांधणीतली कसूर ही सेवेतली त्रुटी आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणातच सांगून ठेवले आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. मी राहते त्या जिल्ह्यात करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील लावलाच पाहिजे असे नाही, आपले आपण उभे राहता येते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करता येते. निकालाला कायद्यातल्या तीन किंवा पाच महिन्यांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो हे मी ऐकून आहे, आणि मला घाईही नाही.

दार तुमच्यासाठीही उघडे आहे, हे कोणी तुम्हाला सांगत नसेल तर मी सांगते. घरमालकाने काम घेऊन पैसे बुडवले तर झालेल्या कामाच्या किमतीसाठी तुम्ही तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावू शकता. लेखी करार नसला तरी भारतीय करार कायद्याचे ७० वे कलम आहे: फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा फायदा ज्याने घेतला त्याने भरपाई द्यावी. नागपुरात पैसे बुडवणारे घरमालकही भरपूर आहेत, शेवटचा हप्ता म्हणजे आपलाच समजणारे. माझ्याच गल्लीत आहेत. पण तिथे दावा लावायला गेलात तरी पहिला प्रश्न येणार तो हाच की काम किती झाले, आणि ते मोजल्याचा कागद कुठे आहे.

माझा हिशेब असा. गच्ची ६५८ फूट, ९२,१२०. प्लास्टर २५,२००. रंग १,९३० फूट, ४६,३२०. न्हाणीघर ४८,०००. एकूण २,११,६४०. दिले १,७५,०००. शिल्लक ३६,६४०, सदोष कामाची एक दमडीही न कापता. हा हिशेब मी त्यांना खोलीवार मापांसह, फोटो जोडून, स्पीड पोस्टाने पाठवला आहे. सोबत प्रस्ताव: दिवाळीपर्यंत गच्चीचा उतार आणि पन्नाळ दुरुस्त करून, पाणी भरून चाचणी द्यावी, न्हाणीघराची फरशी पुन्हा करावी, भिंतीच्या प्लास्टरचे काय ते दोघांनी समोरासमोर ठरवावे, आणि ३६,६४० पूर्ण घेऊन जावे. यातले काही झाले नाही तर न्हाणीघराचे ३१,००० त्यातून वळते होतील, आणि गच्ची व भिंतीचा खर्च मी आयोगापुढे मागेन. मापे चुकीची वाटत असतील तर त्यांनी यावे, टेपचे दुसरे टोक धरावे. जो आकडा दोघांच्या सहीने निघेल तो मी मान्य करेन, मग तो माझ्या विरोधात गेला तरी.

तुमच्यापैकी बरेच जण असे काम करत नाहीत, याची मला खात्री आहे. माझ्या बहिणीच्या घरी त्रिमूर्तीनगरला एका ठेकेदाराने टाइल्स बसवल्या, रोज संध्याकाळी मोजून वहीत लिहिले, उरलेले खोके परत करून पैसे वळते केले. ते मॅट्रिकही नाहीत. त्यांचे कोटेशन माझ्याकडच्यापेक्षा महाग होते म्हणून बहिणीचे यजमान कुरकुरत होते, बिल मात्र कोटेशनपेक्षा कमी आले. अशा लोकांनी या पत्राला उत्तर द्यावे असे मला फार वाटते. तुमच्या नावावर कोणी ‘नागपुरात असंच चालते’ म्हणत असेल तर त्याचा तोटा आधी तुम्हाला होतो, कारण उद्या मीही प्रत्येक ठेकेदाराकडे संशयानेच पाहणार.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. दिवाळीपर्यंत वरचा प्रस्ताव मार्गी लागला नाही तर गच्ची मला दुसऱ्याकडून करून घ्यावी लागेल, पुढच्या मृगाच्या आत. त्यासाठी कोटेशने मागवणार आहे. दर सर्वांत कमी असण्याची अट नाही. गोला, पन्नाळ आणि मलबा यांचे दर वेगळ्या ओळींत लिहिलेले असावेत. कोबा झाकण्याआधी फोटो आणि पाण्याची चाचणी, चाचणीचा टँकर माझ्या खर्चाने. रक्कम तीन टप्प्यांत, शेवटचा दहा टक्के हप्ता एक पावसाळा गेल्यावर. जीएसटी लावणार असाल तर क्रमांक कोटेशनवरच. मापे दोघांनी मिळून घ्यायची, वही माझी, सह्या दोघांच्या. पाहणीला याल तेव्हा लेव्हलची नळी सोबत आणा, माझी आता जुनी झाली आहे आणि तिच्यात बुडबुडे धरतात.

कळावे,
आपली,
एक निवृत्त अनुरेखक
मानेवाडा, नागपूर